१३४० किलोमीटरचा शेजार

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईहून रेल्वेने दिल्लीला जाताना आपण जेवढं अंतर कापतो, जवळजवळ तेवढी लांब आहे फिनलंड आणि रशिया यांची सरहद्द: १३४० किलोमीटर. अलीकडे ५५ लाख माणसं, म्हणजे मुंबईच्या निम्मीसुद्धा नाहीत. पलीकडे अण्वस्त्रं बाळगणारा रशिया. अशा शेजारात राहायचं कसं, हा या देशाचा रोजचाच प्रश्न. याच देशाने २०२३ साली ‘नाटो’ या पाश्चात्त्य लष्करी आघाडीत पाऊल टाकलं. पण ही गोष्ट सुरू होते १९३९ साली.

त्या वर्षी ऑक्टोबरात स्टालिनने फिनिश प्रतिनिधींना मॉस्कोला बोलावून घेतलं. लेनिनग्राड, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग शहर, सरहद्दीपासून जेमतेम ३२ किलोमीटरवर होतं. स्टालिन म्हणाला, सरहद्द मागे घ्या, हांको बंदर आमच्या नाविक तळासाठी भाड्याने द्या, बदल्यात दुसरीकडे याहून जास्त जमीन घ्या. ऐकायला सौदा बरा वाटतो. पण जी जमीन सोडायची होती, तिच्यावरच फिनलंडची तटबंदी उभी होती. घराचं दार काढून देऊन परसातली जागा घ्यायची, असा तो प्रकार. फिनलंड नाही म्हणालं. ३० नोव्हेंबरला हेलसिंकीवर बाँब पडले. दोन्ही देशांत १९३२ पासून अनाक्रमणाचा करार होता, बरं का!

मग मदतीचं काय झालं? राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, १४ डिसेंबरला सोव्हिएत संघाला बाहेर काढलं. त्याने एकही तोफ थांबली नाही. ब्रिटन आणि फ्रान्स म्हणाले, आम्ही फौज पाठवतो. वाट नॉर्वे-स्वीडनमधून जाणारी, आणि त्या दोघांनी वाट दिली नाही. खरं तर ब्रिटन-फ्रान्सचा अर्धा जीव स्वीडनच्या लोखंडाच्या खाणींत अडकला होता, कारण तिथलं खनिज जर्मनीला जात होतं. स्वीडनने हत्यारं दिली, हजारो स्वयंसेवक दिले. सैन्य मात्र दिलं नाही. बर्फात, पांढरे झगे घालून फिनिश सैनिक १०५ दिवस लढले. मार्च १९४० मध्ये तह झाला. सरहद्दीवरच्या कारेलिया प्रांताचा मोठा भाग आणि विपुरी शहर गेलं, आणि चार लाखांवर माणसं घरदार सोडून उरलेल्या फिनलंडात आली.

गेलेलं परत मिळवायला १९४१ साली हा देश हिटलरच्या जर्मनीच्या बाजूने लढाईत उतरला. हे पान त्यांच्या इतिहासात आहे आणि ते गाळून पुढे जाता येत नाही. शेवटी पुन्हा हार, वर ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई. जहाजं, यंत्रं देऊन त्यांनी ती १९५२ पर्यंत फेडली.

आणि १९४८ मध्ये मैत्रीचा करार केला तो कोणाशी? त्याच सोव्हिएत संघाशी! पुढे पश्चिम जर्मनीत ‘फिनलंडीकरण’, म्हणजे बलाढ्य शेजाऱ्यापुढे मान तुकवून राहणं, असा टोमणाच रूढ झाला. मला तो टोमणा फुकटचा वाटतो. स्वतःच्या अंगणात अमेरिकी फौज बसलेली असताना दुसऱ्याला भित्रा म्हणायला काय जातं? मॉस्कोला बोचेल असं लिहायला फिनिश वर्तमानपत्रं कचरत होती, हे खरंच आहे. पण संसद टिकली, निवडणुका टिकल्या, आणि तरुणांची सक्तीची लष्करी सेवा एक वर्षही बंद पडली नाही.

सोव्हिएत संघ कोसळला, १९९५ मध्ये फिनलंड युरोपीय संघात गेलं. नाटो मात्र बहुतेकांना नको होती. उगाच अस्वलाला कशाला डिवचा? फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चाल केली आणि काही आठवड्यांत लोकांचं मत पालटलं. मे महिन्यात संसदेत नाटोत जाण्याच्या बाजूने १८८ विरुद्ध ८ मतं पडली.

अर्ज केल्यापासून सदस्य होईपर्यंतचा काळ सगळ्यात जोखमीचा. छत्री मागितलेली असते, हातात आलेली नसते. म्हणून ११ मे रोजीच ब्रिटनचे पंतप्रधान जॉन्सन हेलसिंकीत येऊन परस्पर मदतीच्या आश्वासनावर सही करून गेले. त्याच वेळी फिनलंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निनिस्तो यांना विचारलं गेलं, रशियाला काय सांगाल? ते म्हणाले, “हे तुम्हीच घडवलंत. आरशात बघा.” पुढे तुर्कस्तान आणि हंगेरीने मंजुरी लांबवली, आणि ४ एप्रिल २०२३ ला फिनलंड ३१ वा सदस्य झालं.

आता नाटो करारातल्या त्या प्रसिद्ध पाचव्या कलमाची गंमत. एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला, इतकं आपण ऐकलेलं असतं. पण प्रत्येक देशाने त्याला ‘आवश्यक वाटेल ती’ कृती करावी, असे तिथले शब्द आहेत. फौज पाठवावीच, असं कुठेही नाही. १९४० सालच्या फेब्रुवारीत मदतीची वाट पाहिलेल्या देशाला या शब्दांचा अर्थ कोणी समजावायला नको.

हेलसिंकीच्या पूर्व भागात, इटाकेस्कुसला, खडक पोखरून केलेला एक पोहण्याचा तलाव आहे. वेळ आली तर तो रिकामा करून ३८०० माणसांचा आसरा करता येतो. नाटोत गेल्यावरही ती सोय तशीच ठेवलेली आहे, आणि एरवी तिथे लोक पोहायला जातात.

नमस्कार.