मध्ययुग वाचणारी माणसं

(दृश्य: चर्मपत्राचं पान, जवळून)

ही भाषा लॅटिन आहे. पण लॅटिन येणाऱ्यालाही ही ओळ लगेच वाचता येणार नाही. चामडं महाग, लिहायचं भरपूर. म्हणून लेखनिकांनी शब्द आखडून घेतले. अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ असली, की बहुतेकदा पुढचा ‘एम’ किंवा ‘एन’ गाळलेला असतो. ‘पी’चा दांडा खाली छेदला, की ते एकटं अक्षर ‘पेर’ असं वाचायचं.

हे वाचायला कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं. टोरांटो विद्यापीठात 1964 साली मध्ययुगीन अध्ययन केंद्र सुरू झालं. तिथली लॅटिनची परीक्षा या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे: एम.ए.साठी एक, पीएच.डी.साठी त्याहून कठीण.

इथले बरेचसे प्राध्यापक मूळचे दुसऱ्या विभागांचे. कुणी इतिहासाचे, कुणी तत्त्वज्ञानाचे, कुणी संगीताचे. एकाच मठातली वही समजून घ्यायला हे सगळे लागतात, कारण तिच्यात प्रार्थना असते, स्वरलेखन असतं आणि कधी समासात जमाखर्चही. पण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. ते जुळवणारी, परीक्षांच्या नोंदी आणि शिष्यवृत्तीचे कागद सांभाळणारी कार्यालयातली व्यक्ती अभ्यासाच्या श्रेयनामावलीत क्वचितच दिसते. ती रजेवर गेली, की तिचं काम किती होतं ते सगळ्यांना कळतं.

(दृश्य: ग्रंथालयाचं वाचनदालन)

ग्रंथपाल हस्तलिखित फोमच्या उतारावर ठेवतात, म्हणजे बांधणीवर ताण येत नाही. पान उघडं राहावं म्हणून वर मऊ, वजनदार दोरी. हातमोजे बहुधा नसतातच. स्वच्छ, कोरडे हात बरे. मोज्यांमुळे बोटांची जाण कमी होते आणि पान फाटण्याची भीती वाढते. चर्मपत्राला खरा धोका बदलत्या दमटपणाचा. हवा बदलली, की ते आकसतं, फुगतं, वेडंवाकडं होतं आणि त्यावरचा रंग सुटू लागतो.

(दृश्य: संगणकावर कोशाची नोंद)

याच विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचा कोश तयार होतो आहे. साधारण सन 600 ते 1150 या काळातली इंग्रजी. अँगस कॅमेरन यांनी 1970मध्ये काम सुरू केलं. आधी उरलेल्या प्रत्येक लिखाणाची किमान एक प्रत संगणकावर उतरवली: प्राचीन इंग्रजीचे तीस लाखांहून अधिक शब्द. मग एकेका शब्दाची सगळी उदाहरणं समोर ठेवून अर्थ ठरवायचा. कॅमेरन 1983मध्ये गेले. ‘ए’ ते ‘आय’पर्यंतचा भाग 2018मध्ये पूर्ण झाला.

हे संपादक अनुदानांवर आणि देणग्यांवर काम करतात. अनुदान संपलं, की नवा अर्ज. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या कामासाठी ही व्यवस्था अन्यायाची आहे. त्यांच्या नेमणुका कायमस्वरूपी व्हायला हव्यात.