रियासतकार सरदेसाई : घराण्यांचा माग घेणारा संसारी माणूस

पेशव्यांच्या इतिहासात भेटणारी ही सगळी नावे एकाच घराण्यातली आहेत. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव, माधवराव बल्लाळ, माधवराव नारायण, बाजीराव रघुनाथ. श्रीवर्धनच्या भट घराण्यातून आलेल्या पेशव्यांमध्ये दोन बाळाजी, दोन बाजीराव आणि दोन माधवराव झाले, कारण आजोबांचे किंवा दिवंगत चुलत्याचे नाव घरात पुन्हा ठेवण्याची रीत होती. त्यातच त्या काळातल्या कित्येक पत्रांवर नुसता चंद्र (म्हणजे महिन्यातली तारीख) आणि महिना लिहिलेला असतो, वर्ष लिहिलेले नसते. अशा पत्रात ‘माधवराव’ एवढेच आले, तर ते पत्र 1772 पूर्वीचे, थोरल्या माधवरावांच्या काळातले, की 1774 नंतरचे, सवाई माधवरावांच्या काळातले, हे ठरवायला घराण्याचीच माहिती लागते. मोडी अक्षर सरावाने लागते; माणसाची ओळख मात्र त्याचा बाप, भाऊ आणि चुलता कोण हे कळल्याशिवाय पटत नाही.

ही ओळख पटवण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर चिकाटीने केले, ते गोविंद सखाराम सरदेसाई. महाराष्ट्र त्यांना रियासतकार म्हणून ओळखतो. 17 मे 1865 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल या खेड्यात त्यांचा जन्म झाला. 1889 मध्ये ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत रुजू झाले आणि राजपुत्रांना शिकवता शिकवता इतिहासाकडे वळले. ‘मराठी रियासत’ या त्यांच्या इतिहासग्रंथमालेचा पहिला भाग 1902 मध्ये निघाला. पुढचे भाग लिहिताना त्यांना एक गोष्ट पुरती उमगली, आणि मला वाटते तीच त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे : मराठ्यांचे राज्य ही घराण्यांची गुंफण होती. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले, पटवर्धन यांच्या घरांत कोण जन्मले, कोण रणात पडले, कोण दत्तक आले, हे समजल्याशिवाय त्या राज्याचे राजकारण उलगडत नाही.

शिंद्यांचे घर घ्या. राणोजींचे पाच मुलगे : जयाप्पा, दत्ताजी, ज्योतिबा, तुकोजी आणि महादजी. जयाप्पांचा नागोरला घात झाला, दत्ताजी 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर पडले आणि जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी पानिपतानंतर मारला गेला. महादजी मात्र जायबंदी होऊन परत आले. सरदारी त्यांच्या हाती येण्याआधी वारशाचा जो घोळ पडला, तो वंशावळ समोर ठेवली की चटकन ध्यानात येतो. त्यांच्यामागून आलेले दौलतराव हे तुकोजींचे नातू, महादजींना दत्तक. दौलतरावांनंतर जनकोजीराव दत्तक, त्यांच्यानंतर जयाजीरावही दत्तक. ग्वाल्हेरची गादी लागोपाठ तीन पिढ्या दत्तकांनी चालवली, आणि दर वेळी दत्तक कोणाचा घ्यायचा यावर दरबारात तट पडले.

वंशावळ तयार करणे म्हणजे जुन्या कागदातली नावे उतरवून काढणे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक नाव तपासावे लागते. वतनाच्या भांडणात लिहिलेला करीना (घराण्याची हकीकत) किंवा महजर (निवाड्याचा कागद) आपल्या शाखेला वडीलपणा देतो आणि दुसऱ्या शाखेला मागे सारतो. 1852 नंतर इंग्रजांनी इनामे तपासण्यासाठी नेमलेल्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करण्यासाठी लोकांनी कैफियती, म्हणजे लेखी निवेदने, दिल्या, त्यांतही वंश जोडून दाखवण्याची गरज असे, आणि जिथे गरज असते तिथे जुळवाजुळवही असते. म्हणून कैफियतीतले नाव पत्रात सापडते का, पत्रातली तिथी शकाशी जुळते का, दिलेल्या साली तो मनुष्य हयात होता का, हे एकेक करून पाहावे लागते. बायकांची नावे तर या कागदांत फारच थोडी. सासरची सत्ता सांभाळणारी, दत्तक घेणारी किंवा सती गेलेली स्त्री तेवढी नोंदली जाते. बाकीच्या आया, बहिणी आणि लेकी वंशवृक्षातून गळून जातात. या उणिवेची जाणीव ठेवूनच वंशावळी वाचायला हव्यात.

1930 ते 1934 या काळात सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध झाले. पुण्याच्या दप्तरखान्यात रुमालांत बांधून ठेवलेले असंख्य मोडी कागद सोडायचे, वाचायचे, त्यांचा काळ ठरवायचा आणि छापण्याजोगे निवडायचे, असे ते काम होते. वयाची पासष्टी आलेल्या माणसाने ते अंगावर घेतले. यामागे सर जदुनाथ सरकार यांचा आग्रह होता. बंगाली आणि मराठी अशा या दोन इतिहासकारांचा स्नेह पन्नासहून अधिक वर्षे टिकला. बडोद्याची नोकरी सुटल्यावर सरदेसाई इंद्रायणीकाठी कामशेतला राहू लागले होते, आणि जदुनाथ तिथे पाहुणे म्हणून येत.

हा माणूस संसारात मनापासून रमणारा होता. आत्मचरित्राला त्यांनी ‘माझी संसारयात्रा’ हे नाव दिले, यातच सारे आले. त्यांना दोन मुलगे झाले आणि दोघेही त्यांच्या हयातीत गेले. श्यामकांत शांतिनिकेतनात शिकला, उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेला आणि ऐन तारुण्यात त्याचा अंत झाला. त्याची पत्रे वडिलांनी जपून ठेवली होती. ‘श्यामकांतची पत्रे’ या नावाने ती पुढे पुस्तकरूपाने आली. शेकडो घराण्यांतल्या बापलेकांची पत्रे ज्याने वाचली आणि लावली, त्याच्यावर स्वतःच्या लेकाची पत्रे लावण्याची वेळ आली. पेशवे दप्तराचे प्रचंड काम त्यांनी हातात घेतले ते या दुःखानंतर, हे ते 45 खंड पाहताना मी विसरू शकत नाही.

तीन खंडांतला मराठ्यांचा इंग्रजी इतिहास त्यांनी ऐंशीच्या घरात पुरा केला. त्यानंतर 1957 मध्ये ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या वेळी ते 92 वर्षांचे होते आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. 29 नोव्हेंबर 1959 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर मिळालेल्या कागदांमुळे काही नोंदी दुरुस्त कराव्या लागतात, काही शाखा वाढवाव्या लागतात. तरीही मोडी पत्रातले एखादे नाव अडले की अभ्यासक आजही प्रथम या वंशावळींकडे वळतात, आणि मग पुढचा कागद उलगडतात.