दौरा संपला, वाद्यं उतरली

[दृश्य : अंबाजोगाई. जानेवारीतली सकाळ. दारात जीप.]

रत्नागिरीतला शेवटचा कार्यक्रम परवा रात्री झाला. मधल्या सीटवर, दोघा बहीणभावांच्या मध्ये, तंबोरा माणसासारखा बसून आलाय. भोपळ्याखाली उशी, मानेला ओढणी. टपावर फक्त कपड्यांच्या बॅगा. वाद्य टपावर टाकायचं नाही, हा या घरचा नियम आहे. उन्हात तबल्यावरची काळी शाई उकलते आणि डग्ग्याचं भांडं तापून वरचं कातडं कडक होतं.

बहीण थोरली, ती गाते. भाऊ तबला आणि पखवाज वाजवतो. ओसरीवर आज्जी बसलेली. ताई घोगऱ्या आवाजात दौऱ्याचं सांगायला लागते, तर आज्जीच थांबवते : "आवाज बसलाय तुझा, बोलायलीस कशाला? चहा घे आधी."

वाद्यं माजघरात जातात, भिंतीपासून हातभर लांब, चटईवर. पेट्या आणि पिशव्या आज उघड्या टाकायच्या नाहीत. समुद्राकाठच्या दमट हवेत लाकूड, कातडं, भोपळा, सगळ्यांनी ओल धरलेली असते. इथली जानेवारीची हवा कोरडी. ओल झपाट्याने गेली की सांधे उकलतात, भोपळ्याला केसाएवढी चीर जाते आणि ती पुढे वाढत राहते. म्हणून पहिला दिवस झाकण बंद, दुसऱ्या दिवशी पिशवीची चेन अर्धी उघडी, तिसऱ्या दिवशी वाद्य बाहेर.

एक काम मात्र आजच करायचं. तबला उतरवायचा, म्हणजे त्याचा ताण सैल करायचा.

[दृश्य : तबला जवळून. गट्ठे, वादी, हातोडी.]

कोकणात कातडं सैल पडतं, सूर उतरतो. म्हणून तिथे प्रत्येक कार्यक्रमाआधी भावाने गट्ठे, म्हणजे चामड्याच्या वादीखाली खोचलेले लाकडी ठोकळे, खाली ठोकून ताण वाढवलाय. तो ताण अजून तसाच आहे. त्यात इथल्या हवेने कातडं स्वतःहून आवळणार. दोन ताण एकावर एक चढले की रात्री कोणी हात न लावता पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटते, बहुतेक वेळा गजऱ्याच्या, म्हणजे भोवतीच्या चामडी वेणीच्या, कडेला. आवाज एवढा होतो की घरातले दचकून उठतात.

आठ गट्ठे, प्रत्येकावरून वादीचे दोन पदर, वर गजऱ्यावर पदरांमधली सोळा घरं. हातोडीने गट्ठा खालून वर, अर्धं बोटच सरकवायचा. एक झाला की त्याच्या समोरचा घ्यायचा, शेजारचा नाही. ओळीने गेलं तर गजरा एका बाजूला कलतो आणि नंतर सोळा घरं एका सुरात आणताना घाम फुटतो. एकूण सूरभर उतरला की पुरे. त्याहून सैल केला तर पुडीला सुरकुती पडते, सुरकुतीवरची शाई सुटते. शाई म्हणजे लोखंडाची भुकटी आणि खळ यांचे थरावर थर, दगडाने घोटलेले. तिच्यावर बारीक भेगांची जाळी असते आणि ती असायलाच हवी, तिच्यामुळेच शाई कातड्याबरोबर हलते. खपली सुटली की मात्र आवाजात झणझण येते. भाऊ चाटीवर (कडेच्या पट्टीवर), मैदानात (मधल्या मोकळ्या कातड्यावर), शाईवर एकेक टिचकी मारून कान देतो. झणझण नाही. खाली चुंबळ, वर गवसणीची खोळ, झालं.

पखवाजाचं काम रत्नागिरीतच, विंगेत उभ्या उभ्या झालंय. धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावलेली कणीक कार्यक्रम संपल्यावर अर्ध्या तासात काढायची असते. वाळली की ती कातड्याला ओढून धरते आणि उचकटताना वरचा पापुद्रा घेऊन येते. बोथट चमचा, मग ओलसर फडकं, मग कोरडं. कडेला राहिलेला कण मुंग्यांना सापडतो, उंदरालाही. शंकरबापू आपेगावकरांसारखे पद्मश्री मिळालेले पखवाजिये याच तालुक्यातल्या आपेगावचे. त्यामुळे या भागात कणीक न काढता पखवाज ठेवणाऱ्याला वडीलधारे चारचौघांत बोलतात. बोलावंच.

[दृश्य : दुसरा दिवस. पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, फळी निघते.]

पेटीच्या दोन पट्ट्या कोकणात दबल्या की वर येत नव्हत्या. लाकूड फुगून शेजारच्या पट्टीला घासत होतं. अशा वेळी कोणीतरी हमखास पॉलिश पेपर काढतं. तो काढू नये. कोरड्या हवेत चार-पाच दिवसांत लाकूड आपोआप बसतं. घासलेली पट्टी मग खुळखुळते ती कायमची.

भात्याची तपासणी सोपी आहे. सगळे खटके बंद, भाता पूर्ण भरायचा आणि सोडायचा. सावकाश बसला तर ठीक. भसकन बसला तर कुठेतरी हवा गळतेय. घडीच्या कोपऱ्यावरचं कातडं आधी बघायचं. एक सूर मुका असेल तर बहुधा त्या सुराच्या पितळी जिभेखाली धुळीचा कण अडकलेला असतो. पातळ कागद सरकवून तो काढायचा. तोंडाने फुंकर मारायची नाही, वाफेने पितळेवर हिरवा थर चढतो. सूर बेसूर झाला असेल तर घरी कानस लावू नये. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बूड घासलं की उतरतो आणि गेलेली धातू परत येत नाही.

तंबोऱ्याच्या चारही तारा प्रवासाआधीच उतरवलेल्या आहेत. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, दर तारेखाली बारीक खाच पडलीय. दौराभर जवारीचा दोरा कितीही सरकवला तरी तार पूर्ण बोलत नव्हती, ती या खाचांमुळे. जवारी, म्हणजे घोडीचा तारेला झणकार देणारा माथा, नव्याने घासायची तर मिरज. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मराठवाड्यातल्या गाणाऱ्या घरांना तो रस्ता पाठ आहे : लातूरहून कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज. २०१६ च्या दुष्काळात याच रुळांवरून मिरजेचं पाणी लातूरला आलं होतं. खुंट्यांसाठी मात्र मिरज लागत नाही. कोरड्या हवेत खुंटी आक्रसून फिरायला लागली की तिला खडू चोळायचा. दमट हवेत फुगून अडकली तर पिळायची नाही, थांबायचं.

ताईचे दोन दिवस मौनात जातात. कुजबुजही नाही, कारण जोर लावून कुजबुजल्याने गळ्यावर ताणच येतो. कोमट पाणी दिवसभर घोट घोट. स्वयंपाकघरातून धपाट्यांचा वास आला की ती आईच्या फोनवर लिहून पाठवते : "आणखी एक. लोणी जास्त." ठेचा मात्र तिच्या ताटात नाही.

भावाची बोटं थंडीने उललीत. रात्री खोबरेल लावायचं आणि सकाळी साबणाने धुवायचं. तेलाचा हात पुडीला लागला की डाग तर पडतोच, नादही मरतो.

हिशेबाची वही दुपारी निघते. साथीदारांचं द्यायचं ते आठवड्याच्या आत. मानधनातून १० टक्के टीडीएस कापलेला असेल तर आयकर खात्याच्या पोर्टलवर तो दिसतोय का, हे आताच बघितलेलं बरं. मार्चमध्ये आयोजक फोन उचलत नाहीत.

[दृश्य : तिसरा दिवस. चुलत्याचं शेत. आगटी.]

गोवऱ्यांची आगटी खोदून पेटवलीय. गूळभेंडी ज्वारीची कणसं राखेत खुपसली जातात, दाणा हिरवा राहील इतपतच भाजायची. चुलता कणीस हातावर चोळतो, पाखडतो आणि पळसाच्या पानावर हुरडा पडतो. तीळ-खोबऱ्याची चटणी, दही, गूळ, बोरं. भाऊ गरम कणीस उचलायला जातो तर काकू हातावर चापट मारते : "तू नको चोळू बाबा. त्या हाताचं खातो तू."

ताईने आज सकाळी तोंड उघडलंय. मध्य सप्तकातल्या सा वरून खाली, एकेक सूर लांब धरत खर्जापर्यंत, पंधरा मिनिटं. वर एकदाही नाही. चुलत्याची मुलं गाण्याचा हट्ट धरतात, ती मान हलवते आणि पानावरचा हुरडा संपवते.

संध्याकाळी घरी आल्यावर भाऊ गवसणी काढतो. चाटीवर एकच टिचकी. सूरभर उतरवलेला तबला तीन दिवसांत, कोणी हातोडी न लावता, अर्धा सूर वर चढलाय. आज्जी आतून ओरडते, "वाजवायलास का रे?"

"नाही आज्जी, बघायलोय."

तो गवसणी परत चढवतो.