सतरा डॉलरची गिटार

नमस्कार मंडळी, आज जरा लांबच्या एका बाईबद्दल बोलायचंय, अमेरिकेतली गायिका लोरेटा लिन. कंट्री म्युझिक, म्हणजे तिकडचं खेड्यापाड्यातलं संगीत, म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे हॅटवाला बाप्याच येतो ना, पण ही बाई म्हणजे वेगळंच प्रकरण होतं.

जन्म १९३२चा, केंटकीच्या डोंगरातली बुचर हॉलर नावाची वस्ती. वडील कोळशाच्या खाणीत, आठ भावंडांत ही दुसरी. पंधराव्या वर्षी लग्न, मग नवऱ्यामागे पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, आणि विशीपर्यंत पदरात चार मुलं. नवरा ऑलिव्हर, त्याला सगळे डू म्हणायचे, प्यायचा, बाहेरख्यालीही होता, पण बायको काम करताना गुणगुणते ते नीट ऐकलं त्यानेच आणि सतरा डॉलरची गिटार आणून दिली तीही त्यानेच. आता हा माणूस चांगला म्हणायचा की वाईट, मला तरी ठरवता आलेलं नाही.

१९६०ला एका छोट्या कंपनीने तिची पहिली रेकॉर्ड काढली. जाहिरातीला पैसे कुठले, मग दोघंच गाडीत रेकॉर्डचे गठ्ठे घालून निघाले, गाडीतच झोपायचं, सँडविचवर दिवस काढायचा आणि दिसेल त्या रेडिओ स्टेशनात शिरून म्हणायचं, तेवढं आमचं गाणं लावा की! आणि लावलं हो, गाणं चार्टवर चौदाव्या नंबरला गेलं. त्याच वर्षी ती नॅशव्हिलला ग्रँड ओल ऑप्रीत गायली, लहानपणी बॅटरीच्या रेडिओवर ऐकलेला कार्यक्रम तो.

गंमत पुढे आहे. ती लिहायची ते घरातलंच, नवरा पिऊन येतो ते, दुसरी बाई त्याच्यावर डोळा ठेवते ते. १९७२मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' मिळवणारी ती पहिली बाई. मग १९७५ला आलं गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं, 'द पिल', ते कंपनीने तीनेक वर्षं दाबून ठेवलं होतं म्हणे लोक काय म्हणतील. बऱ्याच स्टेशनांनी बंदी घातली, म्हणजे ज्या रेडिओने वर आणलं त्यानेच दार लावलं (आम्ही रेडिओवाले असेच!), तरी गाणं कंट्री चार्टवर पाचवं! सहा मुलांची आई बोलतेय म्हटल्यावर बायका ऐकणारच ना.

पुढे बहात्तराव्या वर्षी जॅक व्हाइट या रॉकवाल्या पोराबरोबर अल्बम केला, त्याला दोन ग्रॅमी. २०२२ला गेली, नव्वदीची होऊन.

आता लावतोय तिचं १९७०चं 'कोल मायनर्स डॉटर', बापाच्या घराचं गाणं. कडवी इतकी झाली होती की निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी काही कापायला लावली, पण एक गोष्ट उरलीये, उन्हाळाभर अनवाणी फिरणाऱ्या पोरांना हिवाळ्यात नवे बूट यायचे, डुक्कर विकून आलेल्या पैशातून. तेवढं कान देऊन ऐका.