राखीव जवान आणि आपला खासदार

नमस्कार, श्रोतेहो.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. तालीम कुठे घ्यायची त्या यादीत आपलं ठाणं होतं, शेजारचं उरणही होतं. भोंगे कुठे वाजले, कुठे नाही वाजले, यावर आपण चहाच्या टपरीपासून लोकलच्या डब्यापर्यंत मनसोक्त बोललो. आदल्या दिवशी, ६ मेला, सरकारनं काढलेल्या एका आदेशावर मात्र फारसं कुणी बोललं नाही.

तो आदेश होता प्रादेशिक सेनेबद्दल, म्हणजे टेरिटोरियल आर्मीबद्दल. १९४८ च्या नियमावलीतल्या ३३ व्या नियमाखाली केंद्र सरकारनं लष्करप्रमुखांना अधिकार दिला: गरज पडली तर या सेनेतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावून घ्या. पायदळाच्या ३२ बटालियनपैकी १४ बटालियन लष्कराच्या वेगवेगळ्या कमांडमध्ये, म्हणजे विभागीय मुख्यालयांखाली, तैनात करायला मंजुरी मिळाली. आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत. आणि त्यातच पैशांची एक अट होती. अंदाजपत्रकात तरतूद असेल तरच बोलवायचं, आणि दुसऱ्या एखाद्या मंत्रालयानं जवान मागितले तर खर्च त्या मंत्रालयाच्या खात्यावर टाकायचा.

मला विचाराल तर अख्ख्या आदेशात ही अट सगळ्यात मोलाची. बोलवायचा अधिकार लष्करप्रमुखांकडे गेला, तिजोरीची किल्ली लोकसभेकडेच राहिली.

आता हे जवान कोण? पूर्णवेळ शिपाई नव्हेत. प्रादेशिक सेनेत जायचं तर आधी स्वतःची नोकरी किंवा धंदा असावा लागतो. वर्षातून साधारण दोन महिने प्रशिक्षण, बाकी वेळ आपलं काम. मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली अशी एक बटालियन पुण्यात आहे, एक कोल्हापुरात. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एखाद्या कारखान्यातला सुपरवायझर या सेनेत असू शकतो. त्याला बोलावणं आलं की पाळीवर कोण उभं राहणार, हा प्रश्न तुर्भ्यातल्या मालकाचा. परतल्यावर त्याची जागा शिल्लक असेल का, हा प्रश्न त्याच्या घरच्यांचा. कायद्यात याचं उत्तर आहे. कलम ७-अ सांगतं की सेवा संपवून आलेल्या माणसाला पूर्वीपेक्षा कमी प्रतीच्या अटी न लावता कामावर परत घ्यायचं. हे कलम आपल्याकडच्या किती मनुष्यबळ विभागांच्या फायलीत आहे, कुणास ठाऊक.

असे प्रश्न सैन्याला विचारून उपयोग नाही. ते विचारायची जागा दिल्लीत आहे: संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती. १९९३ पासून अशा विभागवार समित्या काम करतात. या समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. अंदाजपत्रकानंतर संसदेला मधली सुट्टी लागते, तेव्हा संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी मागितलेले पैसे, ही समिती तपासते. सचिवांना, सेनाधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते. सभागृहात तर कित्येकदा या मागण्या चर्चेविनाच, गिलोटिन लावून, म्हणजे वेळ संपली की सगळ्या एकदमच मताला टाकून, मंजूर होतात. म्हणजे खरी विचारपूस बंद दाराआडच्या त्या खोलीत, आणि आपल्या हाती येतो तो फक्त अहवाल.

अशा विचारपुशीनं काय होतं? सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, २०१७ सालचा अहवाल घ्या. ४० दिवसांच्या घनघोर लढाईला पुरेल एवढा दारूगोळा साठवायचा, हा नियम. कॅगनं १५२ प्रकारच्या दारूगोळ्याचा हिशेब मांडला, तेव्हा सप्टेंबर २०१६ मध्ये त्यातले ६१ प्रकार दहा दिवससुद्धा पुरले नसते. बोभाटा झाला. शत्रूला कळलं, असाही ओरडा झाला. मग काही वर्षं संरक्षणावरचे अहवाल संसदेत मांडले गेले, पण कॅगच्या संकेतस्थळावर चढवले गेले नाहीत. मला हे पटत नाही. कुठली तुकडी कुठे उभी आहे हे गुप्तच राहावं. पण कोठार वर्षानुवर्षं का भरलं नाही, हे मतदाराला कळायलाच हवं.

जाता जाता एक गंमत. सचिन पायलट आणि अनुराग ठाकूर हे दोन नेते प्रादेशिक सेनेत अधिकारी म्हणून भरती झाले, तेव्हा दोघेही खासदार होते. म्हणजे ज्यांनी संसदेत पैशाचा जाब विचारायचा, तेच गणवेश चढवला की लष्करप्रमुखांच्या हुकमाखाली. यात बेकायदा काहीच नाही. पण समितीच्या खोलीत अशा माणसाला दोन्ही टोप्या सांभाळताना पाहायला मला आवडेल.

आपला ठाणे लोकसभा मतदारसंघ मीरा-भाईंदरपासून ऐरोली, बेलापूरपर्यंत पसरलाय. खासदार मत मागायला येतात तेव्हा आपण पाणी, रस्ते, लोकलची गर्दी एवढंच काढतो. ते काढायलाच हवं. पण २०२८ च्या फेब्रुवारीत हा आदेश संपेल तो नेमका अंदाजपत्रकाच्या दिवसांत. मुदतवाढ आली, तर मंजूर झालेल्या १४ बटालियनपैकी खरंच किती उभ्या राहिल्या, त्यांचं वार्षिक प्रशिक्षण पुरं झालं का, आणि परतलेल्यांपैकी किती जण आपापल्या कामावर रुजू झाले, हे मंत्रालयाला लेखी विचारायला सांगा. खासदार स्थायी समितीत नसले तरी तारांकित प्रश्न प्रत्येक खासदाराला टाकता येतो, आणि त्याचा क्रम आला तर उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं.

नमस्कार.