तीन बोटं तोंडात जातात का?

मंडळी, बोलायला लागण्याआधी एक छोटं काम करू. उजव्या हाताची मधली तीन बोटं जुळवा, उभी धरा आणि दातांच्या मधून तोंडात घालून बघा. हसू नका, करून बघा. जातात? बरं. ज्यांची जात नसतील त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला गाठा. चारचौघांत नको असेल तर बाहेर चहाच्या टपरीपाशी गाठा.

आमच्या ओपीडीतलं हे पहिलं माप. सुपारी, गुटखा खाऊन खाऊन गालाची आतली बाजू ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. एक रिक्षावाले दादा मला म्हणाले होते, "मॅडम, वडापाव हाताने दाबून चपटा केल्याशिवाय आत जात नाही." पुढे कर्करोग होण्याची भीती असते ती अशाच तोंडात. आणि नुसती सुपारी चालते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे, तंबाखू नसली तरी.

आता आजचा विषय. स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या आजारावर सरकारने का खर्च करावा? यामागचा राग मला कळतो. कर आम्ही भरायचा आणि पुड्या यांनी फोडायच्या! हा राग मलाही आलेला आहे. अर्धा जबडा काढलेला एक पेशंट दोन महिन्यांनी तपासायला आला, तर शर्टाच्या खिशातून पुडी डोकावत होती. सगळ्या ओपीडीसमोर मी त्याच्यावर ओरडले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्यानंतर तो आलाच नाही. गाठ परत आली का, कुठे गेला, मला माहीत नाही. माझं म्हणणं त्या दिवशी बरोबर होतं, पण त्याचा उपयोग कुणाला झाला?

तेव्हापासून मी या प्रश्नाकडे जरा वेगळ्या बाजूने बघते. समजा, उद्या नियम झाला की तंबाखू खाणाऱ्याला सरकारी उपचार नाहीत. पहिली गोष्ट काय होईल? केसपेपरवर तंबाखू खाणारा एकही माणूस सापडणार नाही. आजही दात लालभडक असतात आणि माणूस म्हणतो, "कधीमधी, लग्नाकार्यात." गालातला पांढरा चट्टा, म्हणजे कर्करोगाआधीची खूण, तो लपवेल. चट्टा असताना आला तर काम थोडक्यात आटपतं. गाठ मानेत उतरल्यावर आला तर मोठं ऑपरेशन, रेडिएशन, केमो आणि घरातलं एक माणूस महिनोन् महिने कामावरून सुटलेलं. म्हणजे पैसे वाचवायला काढलेला नियम जास्त पैसे खाणार.

पैशांचा हिशोबच करायचा तर आणखी एक गंमत सांगते. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २००८ मध्ये आयुष्यभराचा वैद्यकीय खर्च मांडून पाहिला. सगळ्यात कमी खर्च निघाला विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आणि सगळ्यात जास्त निघाला धडधाकट लोकांचा. कारण धडधाकट माणूस म्हातारा होतो, आणि म्हातारपण महाग असतं. यावरून कुणी सिगारेट पेटवू नका. तिजोरीचं नाव पुढे करून पापपुण्याचा निवाडा करू नका, इतकंच माझं म्हणणं.

दारूने बिघडलेल्या यकृताचं मात्र वेगळं आहे, हे मी मान्य करते. तिथे पैशांपेक्षा अवयवाची टंचाई असते. फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टला २००२ मध्ये यकृत मिळालं, तो पुन्हा पिऊ लागला आणि २००५ मध्ये गेला. प्रत्यारोपणाआधी दारू सोडायला लावतात ती नवं यकृत टिकावं म्हणून. त्यात शिक्षा नाही. हा फरक धरून ठेवला पाहिजे.

आणि 'स्वतःच्या हाताने' म्हणजे कुणाच्या? २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यातले बहुतेक ओढणारे नव्हेत, चघळणारे आणि मशेरी लावणारे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. लगेच पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली. दोन्ही तळहातावर एकत्र केल्या की झालं. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात लोकांचं आरोग्य सुधारणं आणि दारूबंदीकडे जाणं ही दोन्ही कामं सरकारवर एकत्रच टाकली आहेत. तेच सरकार दारूवरचं उत्पादन शुल्क अर्थसंकल्पात जमेला धरतं. मग दोषाचा रकाना काढायचाच असेल तर त्यात एकच नाव लिहून कसं भागेल? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, तंबाखू खाणाऱ्याचेसुद्धा. ते तसंच राहावं.

एका आजीची गोष्ट सांगते आणि थांबते. ऊसतोडीला जाणारी बाई, दात काळे. मी विचारलं, "मशेरी लावता?" "न्हाय बया." पुन्हा विचारलं, पुन्हा न्हाय. आमच्या वॉर्डातल्या मावशी बाजूला लादी पुसत होत्या. त्यांनी फडकं बादलीत टाकलं, ओठ वर करून स्वतःचे दात दाखवले आणि म्हणाल्या, "आजे, मी बी लावायची. आयनंच बोट धरून शिकवलं." आजी त्यांच्याकडे बघत राहिली. मग लुगड्याच्या ओच्यातून पत्र्याची डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "दाढ दुखायची म्हून लावली बघ पयल्यांदा. पोरगीच व्हते. मागनं कामावर भूक लागंना, म्हून ऱ्हायली."

खालचा ओठ ओढून बघितलं. चट्टा होता, लहान होता, वेळेत होता.