बेन-हर वाचताना: कादंबरीतले यहुदी आणि त्या काळातले यहुदी

1880 साली अमेरिकेत एक जाडजूड कादंबरी आली, बेन-हर. लिहिणारा ल्यू वॉलेस, यादवी युद्धात लढलेला जनरल आणि त्यावेळी न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर. यरुशलेम त्याने बघितलेलंच नव्हतं. पुस्तकं आणि नकाशे धुंडाळून त्याने तिथल्या गल्ल्या, गच्च्या, वेशी सगळं उभं केलं, आणि तिकडे प्रत्यक्ष जायला मिळालं ते कादंबरी छापून आल्यानंतर, तुर्की सुलतानाच्या दरबारी अमेरिकेचा राजदूत म्हणून गेला तेव्हा.

आपल्याकडे बऱ्याच जणांना यातली फक्त रथांची शर्यत माहितीय, तीही सिनेमामुळे. पण शर्यत बाजूला ठेवा आणि सुरुवातीचा तो गच्चीवरचा प्रसंग वाचा. मेसाला नावाचा रोमन मित्र कथेचा नायक यहुदा बेन-हर याला टाकून बोललाय, तुमच्या लोकांकडे आहेच काय म्हणून, आणि पोरगा खचून आईकडे आलाय. आई मग पानंच्या पानं बोलते, इस्राएलचे संदेष्टे, राजे, कवी, रोमपुढे आणि ग्रीसपुढे आपण कुठेच कमी नाही असं. एका ख्रिस्ती लेखकाने यहुदी आईच्या तोंडी इतका अभिमान द्यावा, तेही त्या काळात, हे मला खरंच फार मोठं वाटतं.

नंतर तीच आई आणि बहीण रोमन तुरुंगातून कुष्ठरोग घेऊन बाहेर पडतात. रात्री स्वतःच्याच बंद घरापाशी येतात तर मुलगा दारात झोपलेला. हात लावायची सोय नाही, आवाज द्यायची पण नाही. ती फक्त त्याच्या चपलेच्या धुळीने भरलेल्या तळव्याला ओठ टेकवते आणि मागे सरते. इथे धर्म कुठला हा प्रश्नच उरत नाही, ती आई असते बस.

पण कथा पुढे जाते तसं एक होत जातं. यहुदा गालीलात गुपचूप फौज उभी करतो, त्याला तलवारीचा राजा पाहिजे, आणि येशू भेटल्यावर त्याला कळतं की हे राज्य वेगळं आहे. शेवटी तो ख्रिस्ती होतो, आपला पैसा रोममधल्या ख्रिस्ती लोकांच्या भुयारी दफनभूमीसाठी देतो. म्हणजे यहुदी धर्म हा वर चढायचा एक जिना, चढून झालं की मागे राहिला. आपण ख्रिस्ती वाचक म्हणून हे सहज गिळतो कारण आपल्याला शेवट आवडतो, आणि माझं म्हणणं आहे की नेमकं इथेच थांबून वाचायला पाहिजे.

आता कादंबरी बाजूला ठेवून त्या काळातला एक खरा कोरलेला दगड बघा. यरुशलेमच्या जुन्या भागात 1913-14 च्या खोदकामात सापडला, ग्रीक अक्षरं आहेत, आणि बहुतेक अभ्यासक तो यरुशलेमचं यहुदी मंदिर उभं असतानाच्या काळातला मानतात. थिओडोटस नावाचा एक याजक यात सांगतोय की मी सभास्थानाचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनेच्या जागेचा, अधिकारी, माझे वडील पण अधिकारी, आजोबा पण, आणि हे सभास्थान मी बांधलं नियमशास्त्र वाचायला, आज्ञा शिकवायला, आणि सोबत खोल्या आणि पाण्याची सोय केली, परगावाहून येणाऱ्या गरजूंसाठी. तीन पिढ्या एकच काम! तलवार नाही, कोरडा कर्मठपणा पण नाही. वल्हांडणाच्या सणाला लांबून चालत आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा आणि पाणी, हासुद्धा त्यांचा धर्मच होता की.

आणि येशू याच यहुदी परंपरेतला आहे. रक्तस्रावाने पीडलेली बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते ना, तो गोंडा म्हणजे बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या 15व्या अध्यायात इस्राएल लोकांना वस्त्राच्या टोकांना लावायला सांगितलेला गोंडा. येशूच्या काळावरच्या कादंबऱ्यांमध्ये मात्र आजूबाजूचे सगळे यहुदी दिसतात आणि येशू एकटाच कुठल्याच लोकांचा नसल्यासारखा पांढऱ्या झग्यात फिरतो. हे साधं वाटतं पण शतकानुशतकं ख्रिस्ताला मारलं म्हणून यहुद्यांवर आळ घेतला गेला, त्यावरून त्यांच्यावर हल्ले झाले, आणि तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्यांवर हा दोष सरसकट टाकता येत नाही हे कॅथलिक चर्चने परिषदेत लेखी म्हटलं ते 1965 साली.

मंदिर इ.स. 70 मध्ये रोमनांनी जाळलं. अशा कादंबऱ्या बहुतेक त्याच्या आत संपतात त्यामुळे वाटतं की यहुदी धर्म पण तिथेच संपला. तो चालू राहिला, अगदी आपल्या कोकणात अलिबागकडे शनिवारी, यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवणारे मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी होतेच की, गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं.

तेव्हा बेन-हर जरूर वाचा, मनापासून वाचा, फक्त शेजारी लूकचं शुभवर्तमान उघडं असू द्या. त्याच्या 13व्या अध्यायात काही परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातले लोक, येशूकडे येतात आणि सांगतात, इथून निघून जा, इथला सत्ताधारी हेरोद तुम्हाला मारायला बघतोय. जिवाची सूचना द्यायला आलेले परूशी! त्यांच्यातल्या एखाद्याला नाव, घर, बायकापोरं देऊन कोणीतरी मराठीत कादंबरी लिहावी, मी पहिल्या दिवशी विकत घेईन.